म्हसळ्याची गिधाडं, वेळासची कासवं : कोकणातले चार दिवस

म्हसळा, वेळास, आंजर्ले, गुहागर. नकाशावर हा रस्ता किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे उतरत जातो. अंतरं फार नाहीत, पण वाटेत सावित्रीची आणि वाशिष्ठीची अशा दोन मोठ्या खाड्या लागतात. दोन्ही फेरीबोटीने ओलांडायच्या. तिला इकडे सगळे जंगलजेट्टीच म्हणतात.

मार्चचा मध्य मुद्दाम निवडलेला. गिधाडं हिवाळ्याच्या तोंडाशी अंडं घालतात, त्यामुळे मार्चमध्ये पिल्लं मोठी झालेली पण अजून घरट्यातच असतात. ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा हंगाम कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि अंडी फुटायला पन्नासेक दिवस लागतात. म्हणजे जानेवारीत घातलेली अंडी याच सुमारास फुटत असतात. दोन्ही गोष्टी एका फेरीत बघायच्या तर हेच दोन-तीन आठवडे. एप्रिलमध्ये कासवं मिळतील, पण गिधाडांची पिल्लं बहुतेक उडालेली असतील आणि उकाडा सोसवणार नाही.

पहिला दिवस : चिरगाव, तालुका म्हसळा

माणगावला महामार्ग सोडला की गाडीचा वेग आपोआप निम्मा होतो. चिरगावला नऊच्या आत पोहोचूनही आकाश रिकामंच होतं. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्या काकांनी आधीच सांगितलं होतं, "दहा वाजल्याशिवाय काय दिसायची नाहीत. ऊन तापूं दे."

बरोबरच आहे. पांढऱ्या पाठीचं गिधाड पंख पसरलं की दोन मीटर भरतं आणि वजन पाच किलोच्या आसपास. एवढं धूड नुसते पंख मारून तासन्‌तास हवेत ठेवणं त्याला परवडत नाही. जमीन तापून गरम हवेचे झोत वर उठू लागले की त्यांच्यावर स्वार होऊन, पंख न हलवता ते उंची गाठतं. म्हणून गिधाडं बघायला पहाटे उठून धावपळ करण्यात अर्थ नसतो. सकाळी सात ते नऊ झाडांवर बसलेली बघावीत, दहानंतर आकाशात.

सव्वादहाला पहिलं दिसलं. अकरापर्यंत सात. घरटं ओळखायची खूण पक्ष्यापेक्षा सोपी आहे : उंच झाडाच्या शेंड्याजवळ काटक्यांचा ढीग, आणि खालची पानं-फांद्या चुना सांडल्यासारख्या पांढऱ्या. दुर्बिणीतून एका घरट्यात राखाडी, जवळजवळ पूर्ण वाढलेलं पिल्लू दिसलं. जोडीला वर्षाला एकच अंडं होतं. ते फुटायला दीडेक महिना, पिल्लू उडायला आणखी तीन-साडेतीन महिने, आणि त्या पिल्लाने स्वतः अंडं घालायला चार-पाच वर्षं. या संथ हिशेबात मोठी गिधाडं पटापट मेली तर भरपाई होऊच शकत नाही. भारतात नेमकं तेच झालं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारातलं एक उरलं.

कारण सापडायला २००३-०४ साल उजाडलं. डायक्लोफेनॅक हे गुरांना दिलं जाणारं साधं वेदनाशामक. इंजेक्शन दिलेलं जनावर दोन-चार दिवसांत मेलं तर औषध त्याच्या मांसात राहतं. ते खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं, युरिक आम्ल शरीरात साठून काळीज-यकृतावर खडूसारखा पांढरा थर धरतो आणि पक्षी काही दिवसांत मान टाकतो. यातली भयंकर गोष्ट प्रमाणाची आहे. शंभरातल्या एखाद्या मृत जनावरात औषध असलं तरी एवढी घसरण होऊ शकते, कारण एकेका मढ्यावर डझनावारी गिधाडं उतरतात.

गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या. ते रोखायला २०१५ मध्ये कुपी ३ मिलीलिटरवर आणली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक यांच्यावरही गुरांच्या वापरासाठी बंदी आली. सुरक्षित पर्याय आहे, तोही महाग नाही : मेलॉक्सिकॅम. गोठा असलेल्या वाचकाने एवढं एक नाव पशुवैद्यकाशी बोलताना लक्षात ठेवलं तरी पुरे.

म्हसळ्याच्या परिसरात महाडची सीस्केप ही संस्था वर्षानुवर्षं गावकऱ्यांना धरून काम करते आहे. पद्धत ऐकायला सोपी वाटते : मेलेलं जनावर पुरायचं किंवा ओढ्यात टाकायचं नाही, ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचं. अडचण निराळीच आहे. मरण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत जनावराला कोणती सुई दिली होती, हे मालकाला आठवावं लागतं. नाव आठवत नसेल, किंवा वेदनाशामकाचा संशय असेल, तर ते जनावर खड्ड्यातच जातं. म्हणजे गिधाडाचं जेवण ठरतं ते गोठ्यातल्या आठवणीवर. दुसरी अडचण झाडांची. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली उंच झाडं आडवी केली. घरट्याला हवं तसं झाड लावून ते मिळायला माणसाची एक पिढी जाते.

टपरीवरच्या काकांचा प्रश्न मात्र दिवसभर सोबत राहिला. "बिबट्या, वाघ समजूं शकतो. पण गिधाडाचं काय करायचंय माणसाला?"

या प्रश्नाला आता आकड्यांत उत्तर आहे. गिधाडांचा थवा बैलाचं मढं तासाभरात हाडांपर्यंत साफ करतो. त्यांच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की बरेचसे रोगजंतू तिथेच संपतात. गिधाडं गेली तेव्हा मढी तशीच राहिली, भटकी कुत्री वाढली, पाणवठे नासले. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे नव्हती ते जिल्हे यांच्या मृत्युदरांची तुलना आहे. त्यांच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २००५ या काळात दरवर्षी सुमारे एक लाख माणसं जास्तीची मेली. असलं काम करणारा पक्षी परत उभा करणं ही भूतदया वगैरे नाही. गावाची साफसफाई, कुत्र्याच्या चाव्याची लस आणि पाण्याची टाकी ज्या यादीत येतात, त्याच यादीत गिधाड येतं.

गिधाडं बघायला जाणाऱ्यांनी पाळायच्या दोन-तीन गोष्टी. घरट्याच्या झाडाखाली जाऊ नये. मोठं गिधाड उडून गेलं की पिल्लू उन्हात उघडं पडतं आणि कावळे टपलेलेच असतात. ड्रोन आणूच नये. ८×४२ ची साधी दुर्बीण पुरते. आणि गावात आधी कुणाला तरी विचारून, बरोबर घेऊन जावं. घरट्यांच्या नेमक्या जागा इंटरनेटवर टाकायची हौस आवरावी.

मुक्काम श्रीवर्धनला. ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, सोलकढी. काजूचा हंगाम नुकताच सुरू झालेला, त्यामुळे उसळीत बटाट्याची भर नव्हती. हे इथे नोंदवून ठेवण्याजोगं आहे.

दुसरा दिवस : बागमांडला ते वेळास

हरिहरेश्वरहून बागमांडल्याच्या धक्क्यावर. सकाळच्या फेरीला गर्दी नव्हती. शनिवार-रविवारी मात्र गाड्यांची रांग लागते, तेव्हा तासभर हातात ठेवून निघावं. पंधरा-वीस मिनिटांत सावित्री ओलांडून वेसवी, मग बाणकोट. खाडीच्या तोंडावर एक काकण घिरट्या घालत होता. पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाला कोकणात काकण म्हणतात. काकणाचं घरटं गावातल्याच उंच आंब्यावर किंवा सुरूवर असतं, आणि खाली समुद्रसापांची हाडं सापडतात.

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणविसांचं मूळ गाव. पोफळीच्या बागा, जांभ्याच्या पाखाड्या, कौलारू घरं. २००२ पर्यंत इथे कासवाचं अंडं ही खायची किंवा विकायची वस्तू होती. किनाऱ्यावर माग दिसला की जो आधी पोहोचेल त्याची अंडी. त्या साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने घरटी राखायला सुरुवात केली आणि पहिल्याच हंगामात ५० घरटी वाचवून २,७३४ पिल्लं समुद्रात सोडली. पुढे वनविभाग आणि त्याचा कांदळवन कक्ष (खारफुटी आणि किनारा सांभाळणारा विभाग) आले, कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुण्यांची सोय झाली.

अंडी राखायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते संध्याकाळी एका कासवमित्राने, म्हणजे घरटी राखणाऱ्या गड्याने, हॅचरीच्या (आणलेली अंडी पुरून राखायच्या जागेच्या) कुंपणाला टेकून सांगितलं. हे काम करायला हात हलका लागतो.

मादी रात्री, बहुतेक भरतीच्या सुमारास वर येते. पहाटे किनारा चालणाऱ्याला वाळूत तिचा माग दिसतो : साधारण पाऊण मीटर रुंद, डाव्या-उजव्या वल्ह्यांचे, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांचे, ओरखडे एकाआड एक. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन माग जिथे मिळतात, तिथे वाळू विस्कटलेली असते. खड्डा नेमका कुठे, ते काठी खुपसून शोधायचं नाही, अंडं फुटतं. हाताने किंवा पायाने चाचपत जायचं, भुसभुशीत लागली की थांबायचं. खड्डा सुमारे दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर, सुरईसारखा. आत टेबल टेनिसच्या चेंडूएवढी शंभर-सव्वाशे अंडी.

आता महत्त्वाचं. अंडं ज्या बाजूने वर होतं तीच बाजू वर ठेवून एकेक उचलायचं. घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या भागाला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं किंवा हिसकलं तर तो सुटून मरतो, आणि हे बाहेरून कळत नाही. पन्नास दिवस राखण करून शेवटी कुजलेलं अंडं हाती येतं. म्हणून सगळी हलवाहलव सकाळी लवकर उरकायची. बादलीच्या तळाशी त्याच घरट्यातली ओली वाळू घालायची, कारण तिच्यात मादीचा चिकट द्रव असतो. मूळ खड्ड्याची खोली आणि रुंदी मोजायची, हॅचरीत अगदी तसाच खड्डा खणायचा, दोन खड्ड्यांत एक मीटर अंतर. वरून वाळू हाताने दाबायची, पायाने नाही. पाटीवर क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या.

मग अंडी जागेवरच का सोडत नाहीत? कोल्हे, भटकी कुत्री, रानडुकरं हे एक कारण. भरतीची रेषा हे दुसरं. सुरूची झाडं आणि धूपप्रतिबंधक बंधारे यांनी किनाऱ्याची रुंदी खाल्ली की मादीला नाइलाजाने पाण्याजवळ अंडी घालावी लागतात आणि पुढच्या उधाणात घरटं बुडतं. हलवण्याचेही तोटे आहेतच. सगळी अंडी एका कुंपणात आली की बुरशी, मुंग्या किंवा एखादं मोठं उधाण सगळ्यांना एकदम गाठू शकतं. दुसरं, वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी ते ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. उशिराच्या घरट्यांवर सावलीची जाळी घालतात ती यासाठीच. फार तापलं तर नर-मादी दूरच, अंडीच शिजतात.

चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवसापासून खड्ड्यावर टोपली उपडी ठेवतात आणि दर थोड्या वेळाने उघडून बघतात. वाळू मध्यभागी किंचित खचली की पिल्लं वर यायला निघालेली असतात. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास एका टोपलीखाली काळपट, चार सेंटिमीटरची एकवीस पिल्लं. दोरीच्या अलीकडे दीडशे माणसं. टोपली पाण्यापासून काही मीटर अंतरावर वाळूतच उलटी केली. थेट लाटेत सोडत नाहीत. वाळूवरची ती चाल पिल्लांना हवी असते. वाढलेल्या माद्या जन्मकिनाऱ्याच्या आसपास परततात, आणि त्याची कुठली तरी खूण पिल्लू या सुरुवातीच्या प्रवासातच घेत असावं असं मानलं जातं. एक पिल्लू तीनदा लाटेने मागे फेकलं. पुढे बसलेली चौथी-पाचवीतली मुलगी उचलायला धावली तेव्हा कासवमित्र एवढंच म्हणाला, "थांब बाळा, त्याचं तो जाईल." चौथ्या लाटेला गेलं.

इथे येणाऱ्यांसाठी. सोडण्याची वेळ सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. पिल्लं येतीलच याची हमी कुणी देत नाही, तेव्हा दोन मुक्काम ठेवावेत. निघण्याआधी ज्या घरी उतरणार तिथे फोन करून 'किती खड्डे फुटायचे राहिलेत' असं विचारावं, याचं उत्तर सगळ्यात उपयोगी. फ्लॅश नाही, पांढरी बॅटरी नाही. पिल्लं उजेडाकडे चालतात. पूर्वी किनाऱ्यावर सगळ्यात उजळ समुद्रच असायचा, आता रिसॉर्टचे दिवे असतात. दोरीच्या पुढे गेलेल्या पायाखाली पिल्लू येऊ शकतं, कारण ओल्या वाळूच्या रंगात ते दिसतच नाही. रोख पैसे बरोबर ठेवावेत, मोबाइलची रेंज गृहीत धरू नये.

रात्री घरच्या काकूंनी केळीच्या पानावर उकडीचे मोदक वाढले. आधी इथे अंडी खायचे का, या प्रश्नावर त्या हसल्या. "आमच्यात नाही, पण गावात सगळे. आता कासवाच्या जिवावर पोरांची शिक्षणं होतात."

तिसरा दिवस : आंजर्ले आणि हर्णे

सकाळी वेळासला पुन्हा टोपल्या उघडल्या. सातही रिकाम्या. रात्रीच्या बसने आलेला पुण्याचा मोठा गट नाराज होऊन परतला. एक फुटून गेलेला खड्डा मात्र त्याच वेळी उकरत होते, आणि बघण्यासारखं काम तेच होतं. पिल्लं वर आल्यावर दोन-तीन दिवसांनी खड्डा रिकामा करतात. फुटलेली कवचं एका बाजूला, न फुटलेली अंडी दुसरीकडे, आत अडकून मेलेली पिल्लं तिसरीकडे. न फुटलेली फोडून बघतात : गर्भ धरलाच नव्हता, की अर्ध्यावर मेला? अर्ध्यावर मेलेले जास्त असतील तर हलवताना धसमुसळेपणा झाला किंवा वाळू तापली. हा हिशेब ठेवला तरच पुढच्या वर्षी काही सुधारतं. गर्दी निघून गेल्यावर हे चालतं, त्यामुळे फार थोडे लोक बघतात.

आंजर्ल्याला दुपार झाली. इथेही हॅचरी आहे, वेळासपेक्षा निवांत. सांगण्याजोगं जास्त सापडलं ते पलीकडे हर्णे बंदरात, संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात.

कासवाचा खरा शत्रू आता अंडी खाणारा नाही. तो जाळ्यात आहे. कासवाला फुप्फुसं असतात, श्वासासाठी वर यावंच लागतं. ट्रॉलचं जाळं तास-दोन तास पाण्याखाली ओढलं तर आतलं कासव गुदमरतं. यावर तोडगा आहे : जाळ्याच्या गळ्याशी धातूची तिरकी जाळी आणि तिच्यापुढे झडप. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर आपटून झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींना जमेल असा नमुनाही तयार केला आहे. तरी मच्छीमार तो लावायला कां-कूं करतात, कारण झडपेतून थोडा माल जातो, आणि कचरा किंवा मोठा मासा गजांवर अडकला की जास्तच. याची किंमत दुसरीकडून चुकती झाली. कासवं वाचवणारं साधन नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं.

बंदरात जाळं विणत बसलेल्या एका तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) कासव सापडलं तर काय करता, असं विचारलं. "कापतो जाळं. आता पैसे मिळतात." राज्यात डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे : संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. अट एकच, सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ हवा. अडचण अशी की लाटांवर डोलणाऱ्या बोटीत पस्तीस-चाळीस किलोचं धडपडणारं कासव, हातात सुरी आणि त्यातच मोबाइल धरायचा. तांडेल म्हणाला, एक खलाशी नुसता शूटिंगलाच ठेवावा लागतो.

त्याच्याशी बोलताना कळलं की बेशुद्ध कासव बोटीवर आलं की बरेच जण मेलं समजून परत टाकतात. तिथे ते नक्की बुडतं. करायचं असं : पालथंच ठेवायचं, म्हणजे पोट खाली. मागचा भाग वीतभर उंच, खाली टायर किंवा जाळ्याचा गोळा सरकवून, म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरतं. अंगावर ओलं गोणपाट, सावली. नाकावर कापड नाही. चार तासांत हालचाल करू लागतं, कधी पूर्ण दिवस लागतो. मग इंजिन न्यूट्रलला टाकून, जाळं पाण्यात नसताना, पाण्याच्या जवळून हळूच सोडायचं. हे माहीत असलेला एक तांडेल एका हंगामात जेवढी मोठी कासवं वाचवेल, तेवढी भरून काढायला हॅचरीला किती टोपल्या लागतील याचा विचार करावा. हजार पिल्लांतलं जेमतेम एक मोठं होतं असा ढोबळ अंदाज आहे. पिल्लू सोडणं डोळ्यांत भरतं, पण वजनदार काम मोठी मादी वाचवण्याचं.

आणि पहिल्या दिवशीचा प्रश्न इथे पुन्हा आडवा येतो. गिधाडाचं गणित सुटलं, कासवाचं? माहितीफलकांवर ठरलेलं वाक्य असतं की कासवं नसतील तर समुद्रात जेलीफिश माजतील. ऑलिव्ह रिडले जेलीफिश खातं, पण खेकडे, कोळंबी, शिंपलेही खातं. ते गेल्याने हर्ण्याच्या लिलावात उद्या काय फरक पडेल हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. वेळासच्या काकूंचं उत्तर खरं आहे, पण ते पर्यटनाचं उत्तर आहे. ज्याला बघायला कुणी येत नाही त्या समुद्रसापाला ते लागू पडत नाही. डायक्लोफेनॅकची गोष्ट मात्र एक उपयोगी गोष्ट शिकवते : १९९० मध्ये गिधाडाची किंमत विचारली असती तर कुणीही शून्यच सांगितली असती. ती कळली, तेव्हा पक्षी उरला नव्हता. ज्याचा हिशेब अजून मांडलेला नाही, तो शून्य धरून खोडून टाकणं हा व्यापाऱ्याचाही धर्म नव्हे.

चौथा दिवस : दाभोळची खाडी, गुहागर

दापोलीहून दाभोळ, तिथून धोपाव्याची फेरी. वाशिष्ठी इथे चांगलीच रुंद होते. पलीकडून गुहागर अर्ध्या-पाऊण तासावर. व्याडेश्वराच्या देवळामागून सरळ किनारा, सहा-सात किलोमीटर लांब, मध्ये खडक नाही. अलीकडच्या हंगामांत जिल्ह्यातल्या घरट्यांचा मोठा वाटा इथला आहे.

याच किनाऱ्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये बागेश्री आणि गुहा या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. त्याआधी २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागर मिळून पाच बसवले होते. वेळासची मादी पहिली, म्हणून तिचं नाव प्रथमा. यंत्र कवचावर चिकटवतात. कासव श्वासाला वर आलं की ते संदेश पाठवतं, बुडलं की गप्प. काही महिन्यांत यंत्र गळून पडतं किंवा बॅटरी संपते. तेवढ्या वेळात बागेश्री गोवा, कर्नाटक, केरळ करत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पूर्वेची वेगळी, हा समज तिथेच डळमळीत झाला.

उलट बाजूचा पुरावा जानेवारी २०२५ मध्ये स्वतःहून चालत आला. गुहागरला रात्री अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती २०२१ मध्ये ओडिशात लावलेली. ओडिशात कासवं लाखांच्या झुंडीने एकाच वेळी अंडी घालतात, इथे एकेकटी येतात. तीच मादी दोन्हीकडे. मधलं अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. याचा व्यवहारातला अर्थ असा की ओडिशात राखलेली मादी कोकणातल्या जाळ्यात मरू शकते, आणि कोकणात राखलेली तिकडे. एका राज्याने केलेली राखण दुसऱ्याच्या बंदरात वाया जाते.

पहाटे साडेचारला गस्तीबरोबर चालायची परवानगी मिळाली. अट : गडद कपडे, लाल कागद लावलेली बॅटरी, बोलायचं नाही, मादी दिसली तर तिच्या मागे थांबायचं, तोंडासमोर जायचं नाही. अंडी घालायला सुरुवात होण्याआधी ती बिचकली तर तशीच परत फिरते. दव इतकं की चष्मा सारखा पुसावा लागत होता. कुत्र्यांना हाकलायला हातात काठी. अडीच किलोमीटरवर ताजा माग मिळाला, येण्याचा आणि जाण्याचाही. जाणाऱ्या मागाच्या टोकाला लाट अजून ओरखडे पुसत होती.

"पाच मिनिटं उशीर झाला," कासवमित्र म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून वाळू चाचपू लागला. अंडी एकशे चौदा. उजाडायच्या आत ती हॅचरीत पोहोचली, खड्डा एकोणीस इंच निघाला होता म्हणून इथेही एकोणीस. फुटायची तारीख मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली, म्हणजे सावलीची जाळी लागणार, ती त्याने वहीत बाजूला लिहिली. वहीत मादीसाठी तीन रकाने असतात : कवचाची लांबी, रुंदी, पट्टीचा क्रमांक. त्याने तिन्हींत आडवी रेघ मारली आणि वही पिशवीत टाकून उरलेला किनारा चालायला निघाला.